माझदा एमएक्स-५ च्या हार्डटॉपची सुटलेली रबरं: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

छताचं रबर सुटून लोंबायला लागलं की पहिला हात गोंदाच्या ट्यूबकडे जातो. माझं सांगणं एवढंच आहे की गोंद सर्वांत शेवटी. रबर का सुटलं ते न शोधता चिकटवलं, तर पुढच्या थंडीत ते पुन्हा बाहेर येतं आणि येताना जुन्या रबराचा लचकाही तोडतं. गेल्या सप्टेंबरात मी माझ्या गाडीच्या हार्डटॉपची, म्हणजे कापडी छताच्या गाडीवर थंडीत बसवायच्या कडक छताची, रबरं उतरवली, साफ केली आणि पुन्हा बसवली. आता मे संपत आलाय. मधे मँचेस्टरचा अख्खा हिवाळा होऊन गेला, त्यामुळे काय टिकलं आणि काय नाही हे खात्रीने लिहिता येतं.

गाडी दुसऱ्या पिढीची आहे, म्हणजे १९९८ ते २००५ या काळात निघालेली. अमेरिकेतली आपली मंडळी हिला मियाटा म्हणून ओळखतात. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिली एमएक्स-५ लोकांसमोर आली, आणि २०१६ साली हिरोशिमातून दहा लाखावी गाडी बाहेर पडली. जुन्या गाड्या इतक्या संख्येने रस्त्यावर असल्यामुळे सुटे भागही मिळतात आणि हार्डटॉपही हातोहात फिरतात. पहिल्या आणि दुसऱ्या पिढीचे हार्डटॉप एकमेकांच्या गाड्यांवर बसतात. माझा हार्डटॉपही मूळचा दुसऱ्याच एका गाडीचा. रबरांच्या दुखण्याचं एक मूळ नेमकं इथे होतं, त्याबद्दल पुढे लिहितो.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गाडीला स्वतःचं घडी होणारं कापडी छत असतंच. थंडी आली की ते खाली घडी करून ठेवायचं आणि त्यावर हे कडक छत बसवायचं. मागे खरी काच, वजन साधारण २० किलो. एका माणसाला उचलता येईल असं वाटतं, पण आकार अवघड असल्यामुळे दोघं हवीतच. समोर विंडस्क्रीनच्या वरच्या चौकटीला दोन लॅच, दोन्ही दारांच्या मागे एकेक पकड आणि मागच्या बाजूला पक्के करायचे बिंदू. या सगळ्यामधे जी फट उरते ती रबरांनी भरायची. समोर आडवी पट्टी, दोन्ही बाजूंना दाराच्या काचा टेकतात ती रबरं, आणि मागे डिकीच्या अलीकडे बॉडीवर बसणारी लांब पट्टी.

पावसाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोकणातला पाऊस वरून कोसळतो आणि छप्पर शाबूत असेल तर माणूस कोरडा राहतो. इथला पाऊस अनेकदा बारीकच असतो, पण वाऱ्याबरोबर आडवा येतो, आणि गाडी ताशी साठ मैलांनी जात असेल तर तो विंडस्क्रीनवरून वर चढून थेट कोपऱ्यात घुसतो. विंडस्क्रीनचा खांब, समोरची पट्टी आणि बाजूचं रबर हे तिन्ही जिथे भेटतात तो कोपरा म्हणजे या छताची खरी परीक्षा. इथे तीन तुकडे एकमेकांना टेकून पाणी अडवतात. त्यांतला एक जरी दोन-तीन मिलिमीटर आखडला, तरी चालकाच्या गुडघ्यावर ठिबकायला लागतं.

माझ्याकडे परिस्थिती अशी होती. उजव्या बाजूचं रबर त्याच्या खाचेतून वीतभर बाहेर आलेलं. समोरच्या पट्टीचं डावं टोक मोकळं. मागची पट्टी जागेवर, पण एका ठिकाणी पूर्ण चपटी. शिवाय आधीच्या मालकाने उजव्या कोपऱ्यात बाथरूमचं पांढरं सिलिकॉन भरलेलं.

ही रबरं ईपीडीएम नावाच्या रबराची असतात. ऊन, ओझोन आणि पाणी यांना हे रबर वर्षानुवर्षं दाद देत नाही, म्हणूनच जगभरच्या गाड्यांच्या दारांना तेच वापरतात. आपल्याकडे गॅरेजवाले ज्याला दाराचं बीडिंग म्हणतात तेही बहुधा हेच. आतून ते स्पंजासारखं आणि मधे पोकळ असतं. काच टेकली की दबतं, काच गेली की फुगून परत येतं. त्यावर बारीक भोकं दिसतात. ती दाबल्यावर आतली हवा बाहेर जावी म्हणून मुद्दाम ठेवलेली असतात, फाटलेली नसतात, तेव्हा ती गोंदाने बुजवू नका. हवा अडकली की रबर दबत नाही, आणि दार लावताना काच त्याला बाजूला ढकलते.

वय झालं की या रबराचं दोन तऱ्हांनी बिघडतं. सतत दबून राहिलं तर ते चपटंच राहतं, पुन्हा फुगत नाही. हार्डटॉप उन्हाळाभर शेडमधे स्वतःच्या रबरांवर उभा करून ठेवला की हेच होतं. माझ्या मागच्या पट्टीचा चपटा भाग बरोबर तिथेच होता, जिथे छत उभं केल्यावर जमिनीला टेकतं. दुसरं म्हणजे रबर लांबीत आखडतं. टोकं कोपऱ्यांपासून मागे सरकतात, गोंदावर ताण येतो आणि टोक सुटतं.

बाजूचं रबर मात्र या दोन्ही कारणांनी सुटलेलं नव्हतं. एमएक्स-५च्या दाराच्या काचेला वरून चौकट नाही. दार उघडताना काच रबराला घासत बाहेर येते, आणि हल्लीच्या काही गाड्यांत काच आधी थोडी खाली उतरते तशी सोय इथे नाही. आता हिवाळ्यातली सकाळ डोळ्यांसमोर आणा. रात्री दहिवर पडलंय, ते रबर आणि काच यांच्यामधे गोठलंय. दार ओढलं की रबर काचेबरोबर निघतं. दरवेळी थोडं थोडं, आणि एक दिवस खाचेबाहेर. त्यात छत दुसऱ्या गाडीचं. त्या गाडीच्या काचा ज्या उंचीला आणि ज्या कलाने बसत होत्या, त्या हिशेबाने रबराला वळण पडलेलं. माझ्या गाडीची उजवी काच जरा जास्त आत कललेली होती, म्हणून ती रबरावर नुसती न टेकता त्यात रुतत होती. अशा ठिकाणी जगातला कुठलाही गोंद टिकणार नाही.

तपासायची पद्धत अगदी साधी आहे. कागदाची पट्टी रबर आणि काच यांच्यामधे धरून दार लावायचं आणि ती हळू ओढायची. सगळीकडे सारख्याच जोराने, किंचित अडखळत निघाली पाहिजे. कुठे सुळकन निघाली तर तिथे फट आहे, आणि कुठे फाटली तर तिथे काच रुतते आहे. दुसरी परीक्षा खडूची. काचेच्या कडेला खडू फासून दार लावून उघडायचं, की रबरावर पांढरी रेघ उमटते. ती रेघ एकसारखी जाड आहे का, आणि रबराच्या मधोमध आहे का ते बघायचं. त्यानंतर पाणी. नळी पूर्ण जोरात नाही, नुसतं वाहतं पाणी, आणि ते खालून सुरू करून हळूहळू वर न्यायचं. वरूनच ओतलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि ते नेमकं कुठून शिरतंय ते कळत नाही. बायको आत टॉर्च घेऊन बसली होती. मी खालच्या कोपऱ्यावर पाणी धरून बसलो, तर आतून आवाज, "अरे, तिथे कोरडं आहे, वर खांबाजवळ बघ." सिलिकॉन भरलेला तोच कोपरा.

म्हणून पहिलं काम काचेचं. दाराचं आतलं पॅनल काढलं की काच किती वर जाईल ते ठरवणारे स्टॉपर आणि काचेचा कल बदलणारे बोल्ट मिळतात. बोल्ट थोडासाच सैल करायचा, केसभर फरक करायचा, खडूची रेघ पुन्हा बघायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि याच कामाने सगळ्यात जास्त फरक पडला. दुसरं काम समोरच्या लॅचचं. त्यांचे हूक फिरवून घट्ट-सैल करता येतात. लॅच लावताना जोर लागला पाहिजे, पण दोन्ही हातांनी लोंबकळावं लागता कामा नये. फार घट्ट केलं तर समोरची पट्टी चेपून कायमची चपटी होते, सैल ठेवलं तर छत खड्ड्यांवर हलतं आणि रबर चौकटीवर घासत राहतं.

मग छत खाली उतरवून जुन्या दोन गाद्यांवर पालथं ठेवलं. बाजूची रबरं धातूच्या पट्टीच्या खाचेत दाबून बसवलेली असतात आणि ती पट्टी स्क्रूंनी छताला असते. खाचेत पंचवीस वर्षांची माती, गोंदाचे सुकलेले खडे आणि गंज होता. रबर काढायला स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. बोथट प्लास्टिकचा ट्रिम टूल घ्या आणि रबर हेअर ड्रायरने कोमट करा. गंज घासून काढला, प्रायमर लावला, वर रंगाचा एक हात दिला आणि पूर्ण वाळू दिलं.

सिलिकॉनने मात्र खूप वेळ खाल्ला. बाथरूमचं हे सिलिकॉन सुकताना व्हिनेगरचा वास येतो तो त्यातून निघणाऱ्या अॅसेटिक आम्लाचा, आणि ते आम्ल उघड्या धातूला गंज चढवतं. त्याहून वाईट म्हणजे सिलिकॉनचा पातळ थर जरी राहिला, तरी त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. प्लास्टिकच्या पात्याने खरवडून, मग सिलिकॉन काढायचं द्रव लावून, मग पुन्हा खरवडून ते काढावं लागलं. कुणीही तुम्हाला "थोडं सिलिकॉन भर, पाणी थांबेल" असं सांगितलं तर ऐकू नका. पाणी थांबतं ते थोडे महिने, आणि नंतर दुरुस्ती करणाऱ्याचं काम तिप्पट होतं.

रबर साबणाच्या पाण्याने धुतलं आणि फक्त जिथे गोंद लागणार तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. सगळ्या रबराला अल्कोहोल चोळायची गरज नाही.

आता गोंद. मी थ्रीएमचा काळा वेदरस्ट्रिप अॅडहेसिव्ह वापरला. पिवळाही मिळतो, पण काळ्या रबरावर तो दिसतो. हा गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावायचा, बोट लावल्यावर चिकट लागेल पण बोटाला निघणार नाही इतका सुकू द्यायचा आणि मग दाबायचं. ओला असताना दाबलं तर रबर घसरत राहतं. एकदा बसलं की हलवायची सोय नाही, म्हणून आधी मास्किंग टेपवर पेनाने खुणा केल्या होत्या. सुरुवात दोन्ही टोकांपासून करायची आणि मधे उरलेली लांबी थोडी थोडी आत ढकलत बसवायची. रबर कधीही ताणून लावायचं नाही. ताणलेलं रबर आखडून मूळ लांबीवर येणारच. माझ्या समोरच्या पट्टीला या पद्धतीने दोन्ही टोकं पुन्हा कोपऱ्यापर्यंत मिळाली. वास उग्र आहे, खिडक्या उघड्या ठेवा, आणि काम उबेत करा. इथल्या शेडमधे जानेवारीत हे जमणार नाही, म्हणून सप्टेंबर.

खाचेतल्या बाजूच्या रबराला मात्र मी फक्त टोकांना गोंद लावला. ते रबर उद्या बदलावं लागलं तर निघालं पाहिजे. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप बरेच जण सुचवतात. ईपीडीएमवर ती खास प्रायमर लावल्याशिवाय नीट धरत नाही. मागच्या पट्टीखाली मी एका ठिकाणी ती प्रायमर न लावता लावून बघितली, मुद्दाम, तुलनेसाठी. नोव्हेंबरातच तिची कड उचलली गेली. तिथेही आता काळा गोंदच आहे.

रबराला काय लावायचं यावर मला सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण सुटण्याचं मूळ कारण तिथेच आहे. ईपीडीएमला खनिज तेल चालत नाही. व्हॅसलिन, साधं ग्रीस, इंजिन ऑइल यांनी ते पहिल्या दिवशी छान काळंभोर दिसतं आणि मग फुगतं, मऊ पडतं, खाचेत मावेनासं होतं. घरात व्हॅसलिन हाताशी असतं, म्हणून हे ठळक सांगतोय. रबराला सिलिकॉन ग्रीस हवं. हे भरायचं सिलिकॉन नव्हे, न सुकणारं ग्रीस.

मी तीन प्रकार वापरून बघितले. गुम्मी फ्लेगे हे जर्मन द्रव, बाटलीच्या तोंडालाच स्पंज असतो, त्यामुळे लावायला अगदी सोपं. रबर मऊ राहतं, हाताला तेलकट लागत नाही. पण आडव्या पावसात ते फार दिवस राहत नाही, महिन्याला एकदा तरी लावावं लागतं. दुसरं होंडाच्या शोरूममधे मिळणारं शिन-एत्सू ग्रीस. छोटीशी ट्यूब, किंमत भरपूर, पण वाटाण्याएवढं ग्रीस एका अख्ख्या दाराला पुरतं. बोटाने चोळून घालायचं आणि अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसायचं. ऑक्टोबरात लावलं ते जानेवारीपर्यंत पाणी मोत्यांसारखं उडवत होतं. तिसरं प्लंबरचं साधं सिलिकॉन ग्रीस, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळणारं. काम जवळजवळ तेवढंच करतं. फक्त घट्ट असल्यामुळे जास्त लागतं आणि काचेच्या कडेला पुसट पट्टा दिसतो. मी सध्या काच टेकते तिथे शिन-एत्सू आणि मागच्या लांब पट्टीला प्लंबरचं, असं ठेवलंय. पैशांचा हिशेब बघणाऱ्याने सगळीकडे प्लंबरचंच वापरावं, नुकसान काही नाही. पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे जुनी थार किंवा जिप्सी आहे त्यांनाही दारांच्या बीडिंगसाठी हेच सांगेन. तिथे दहिवर गोठत नाही, पण उन्हाने रबर काचेला आणि रंगाला चिकटतं, त्यावर इलाज हाच.

हिवाळ्याचा निकाल असा. डिसेंबर-जानेवारीत गाडी सलग कित्येक रात्री बाहेर गोठली. सकाळी विंडस्क्रीन खरवडावी लागली, पण दाराच्या काचा रबरापासून एकदाही ओढून सोडवाव्या लागल्या नाहीत. फेब्रुवारीत स्नेक पासवरून शेफील्डला जाताना डोंगरमाथ्यावर असा वारा होता की गाडी लेनमधे धरून ठेवावी लागत होती, आणि पाऊस समोरून. चालकाची बाजू पूर्ण कोरडी. डाव्या कोपऱ्यात शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, साठ मैलांच्या वर. पाणी येत नाही, आवाज येतो. तिथे समोरच्या पट्टीचा मूळ आकारच गेलाय. काच आणखी आत घेऊन तो थांबवता येईल, पण मग पुन्हा रुतायला लागेल, म्हणून मी आवाज राहू दिलाय. मशीनने गाडी धुणाऱ्या ठिकाणी मी ही गाडी नेत नाही. जोराच्या फवाऱ्याचा नोजल रबराच्या कडेवर धरला तर चांगलं बसवलेलं रबरही उचललं जातं.

पाणी आत दिसलं म्हणजे दोष रबराचाच, असं मात्र धरू नका. कापडी छताच्या मागच्या कडेला जमणारं पाणी सीटच्या मागून दोन नळ्यांनी खाली जातं. पानं आणि माती अडकून त्या बुजल्या की पाणी गालिच्याखाली आणि सिलमधे, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्यात, साठतं. या वयाच्या एमएक्स-५ची सिल मागच्या चाकाजवळ गंजते हे जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण आधी बघतो, आणि वार्षिक एमओटी तपासणीतही ती नापास होण्याचं हे नेहमीचं कारण आहे. नळ्या साफ करायला लवचिक प्लास्टिकची तार घ्या, लोखंडी नको, नळी फाटते. माझ्या गाडीत रबरं झाल्यावरही डाव्या सीटमागे ओल राहिली होती ती याच नळीमुळे.

एप्रिलमधे छत उतरवलं. या वेळी ते रबरांवर उभं केलं नाही. छताच्या आतल्या कडक भागाला खालून आधार देणारा लाकडी घोडा बनवला, वर फोम लावला, छत आडवं ठेवलं, रबरांना कशाचाही स्पर्श नाही. वरून सुती चादर, प्लास्टिक नाही, कारण प्लास्टिकखाली ओल धरते. मागच्या पट्टीचा चपटा भाग गरम पाण्याने आणि ग्रीसने थोडा फुगलाय, पूर्ण नाही.

नवीन रबरं घ्यावीत का, असं दोघा-तिघांनी विचारलं. मूळ कंपनीची महाग आहेत आणि सगळे तुकडे सगळ्या वेळी मिळतीलच असं नाही. बोटाने दाबल्यावर रबर परत फुगत असेल, त्यावर उभ्या चिरा नसतील आणि कोपऱ्यांची साच्यात घडवलेली टोकं शाबूत असतील, तर जुनंच ठेवा. कोपरा फाटला असेल तर मात्र तो तुकडा बदलाच. साधी स्वस्त मीटरवर मिळणारी पट्टी सरळ भागाला चालते, कोपऱ्याला नाही, कारण ती वाकवली की आतली पोकळी दुमडते आणि नेमकी तिथेच फट पडते. माझी पुढची खरेदी समोरच्या पट्टीची असेल, ऑक्टोबरच्या आधी, आणि ती लावण्याआधी उजव्या काचेची खडूची रेघ मी पुन्हा एकदा घेणार आहे.